आखाड, कूलर आणि माशाचं पिल्लू

नववीच्या मुलींना मी प्राण्यांच्या वर्तनाचा धडा शिकवत होते. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे लिहिलं ‘जन्मजात’ आणि उजवीकडे ‘शिकलेलं’. सुगरणीचं घरटं डावीकडे, कोळ्याचं जाळं डावीकडे. सायकल चालवणं, पाढे म्हणणं, भाकरी थापणं उजवीकडे. मुली रंगात आल्या होत्या. खोटं बोलणं कुठल्या बाजूला लिहायचं यावरून दोन बाकांत भांडण लागलं होतं. तेवढ्यात मागून एक हात वर झाला. पोरगी अभ्यासात बरी, तोंडानं त्याहून बरी.

"मॅडम, लग्न झाल्यावर नवरा-बायकोत जे असतंय, ते कुठल्या साइडला लिहायचं?"

वर्ग ओढण्या तोंडात कोंबून खुसखुसायला लागला. मी हातातला खडू खाली ठेवला. म्हटलं, प्रश्न चांगला आहे आणि त्याला दोन्ही बाजू लागतील. भूक जन्मजात असते, पण भाकरी शिकावी लागते. भूक लागली म्हणून कुणाला भाकरी थापता येत नाही, पहिली भाकरी करपते, दुसरी तुटते. मग उरलेला तास मी त्याच विषयावर बोलले, पुस्तकात होतं ते आणि नव्हतं तेही. एकही मुलगी जांभई देत नाही असा माझ्या नोकरीतला तो पहिला तास.

दोन दिवसांनी एका मुलीची आई शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी. चेहऱ्यावर राग कमी आणि लाज जास्त.

"मॅडम, असलं कशाला शिकवता ओ पोरींना? माशाच्या पिल्लाला पवायला शिकवावं लागतंय व्हय? येतंय की आपोआप."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि जे बोलायचं होतं ते गिळून टाकलं. मला गिळायची सवय नाही, त्यामुळे ते तेव्हापासून घशाशी अडकून बसलंय. ते असं.

माझं लग्न वैशाखात झालं. वैशाखातलं सोलापूर म्हणजे माणूस नुसतं अंगणात उभं राहिलं तरी भाजून निघतं. मी दुधनीची, वडिलांची धान्याची अडत, घरात बोलणं निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. प्राणिशास्त्रात एमेस्सी केलेली आमच्या घरातली मी पहिलीच. बेडकाचं, झुरळाचं, गांडुळाचं मीलन मी आकृत्यांसह लिहिलेलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. गांडुळाशी लग्न झालं असतं तर मी पहिल्या दिवसापासून संसाराला लागले असते. माणसाचंही पुस्तकात होतं, नाही असं नाही. पण पुस्तकातल्या आकृतीला चेहरा नव्हता, तिच्या शेजारच्या खोलीत सासू खोकत नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं मला कोठीघरात नेलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "ते म्हणतील तसं कर. उलटं बोलू नको." संपलं शिक्षण. मी जन्मात कुणाला उलटं बोलल्याशिवाय राहिलेली नाही, म्हणून मला वाटलं आई स्वभावाबद्दल सांगतेय. ती ‘त्या’बद्दल सांगत होती हे कळायला मला दीड महिना लागला.

नवऱ्याचं सोलापुरात भांड्यांचं दुकान. भांडी विकायची आणि त्यांवर छोट्या यंत्रानं नावं घालायची. अर्ध्या शहराच्या लग्नातल्या घागरी-परातींवर ‘अमक्याकडून तमक्यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ’ हे यांच्याच हातचं. दुकानात एवढे बोलके की चमचा घ्यायला आलेली बाई कुकर घेऊन जायची. घरी मात्र मुके. माझ्याशी त्यांचं जे बोलणं व्हायचं ते पंख्याच्या वेगाविषयी. "वाढवू का?" "राहू द्या." "कमी करू?" "राहू द्या." नवी नवरी म्हणून मी आईचा उपदेश पाळत होते आणि ते म्हणतील तसं करायला तयार बसले होते. पण ते काही म्हणतील तर ना.

खोलीला खिडकीतला मोठा कूलर होता. झोपायची वेळ झाली की ह्यांना आठवायचं, कूलरमध्ये पाणी घालायचंय. नळी घेऊन जे बाहेर जायचे ते मला झोप लागेपर्यंत यायचेच नाहीत. कूलर भरून वाहायला लागायचा, खालची मोगऱ्याची कुंडी पोहायला लागायची. चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी येणारं हे आमचं गाव. सासूबाई सकाळी टाकी ठोकून बघायच्या, आवाज पोकळ. "अरे, एवढं पाणी जातंय कुटं? कूलर पितोय का हत्ती पाळलायस?" ते खाली मान घालून चहा प्यायचे. मी त्यांच्याकडे बघत मनात म्हणायचे, माझ्यापासून पळायला माणूस गावचं पाणी संपवतोय, एवढी वाईट आहे का मी दिसायला?

सासरी कानडी फक्त तीन कामांना उरली होती. देवपूजा, भांडण आणि ‘तसलं’ बोलणं. मुलांना कळू नये म्हणून मोठी माणसं असलं काही बोलायचं झालं की कानडीत शिरायची, आणि त्यामुळे माझ्या नवऱ्याला कानडी धड येतही नव्हती. सासूबाई मला स्वयंपाकघरात गाठून डोळे बारीक करून विचारायच्या, "एनु विशेषा?" म्हणजे काही विशेष आहे का. लग्नाला महिना होत नाही तर विशेष! मी सांगायचे, एनिल्ला, काही नाही. त्या समोरच पोळ्या लाटत बसलेल्या असायच्या, आणि माझं ‘एनिल्ला’ ऐकलं की लाटणं थोडं जोरात फिरायचं.

त्यातच आखाड आला.

आमच्याकडे रीत आहे. लग्नानंतरचा पहिला आखाड नव्या जोडप्यानं एका छपराखाली काढायचा नाही. नवरी माहेरी जाते, नवरा तिच्या माहेरच्या उंबऱ्याला पाय लावत नाही, आणि श्रावणात नागपंचमी झाली की सासरचं कुणीतरी तिला न्यायला येतं. कारण विचारलं तर शास्त्र म्हणतात, पण खरं कारण आमच्या चुलतसासूनं माझी बॅग भरताना सगळ्यांसमोर सांगितलं. "आखाडात काय झालं म्हंजे चैतात बाळंतपण आलं. चैतातलं सोलापूर, बाळंतिणीची आन् लेकराची भट्टीच की! म्हणून तोडायचं दोघांस्नी. न्हाईतर ह्या वयात कुणाला दम निघतोय?" बायका खो खो हसल्या. मी बॅगेची चेन लावत होते, ती अडकली. ते दारात उभे होते, तिथूनच कूलरकडे गेले. पुराचं पाणी अडवायला सगळं घराणं बांध घालत होतं, आणि इथं कालव्यात थेंब नव्हता. तेव्हा हसू यायला हवं होतं. मला रडू आलं, आणि बायकांना वाटलं विरहानं.

दुधनीला घरात शिरले तर आत्या दारातच वाटी घेऊन उभी. हळद आणि डाळीचं पीठ, सायीत कालवलेलं. "ये. उन्हानं करपून आलीस की गं. पंचमीपर्यंत लक्ख करती बघ तुला."

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. माझ्या जन्माआधी तिचं लग्न श्रीपूरला झालं होतं, नवरा साखर कारखान्यात कामाला. पहिल्या आखाडाला ती माहेरी आली आणि पंचमी झाली तरी न्यायला कुणी आलं नाही. वडील एकदा श्रीपूरला जाऊन आले आणि त्या विषयावर परत बोलले नाहीत. त्या माणसानं दुसरं लग्न केलं नाही एवढंच कानावर होतं. लोक म्हणायचे, आत्या ‘नांदली नाही’. जणू नांदणं एकटीचंच काम. तेव्हापासून ती इथंच, शेंगाची चटणी कुटणं आणि घरातल्या प्रत्येक पोरीच्या तोंडाला पीठ लावणं ही तिची दोन कामं. आत्या रंगानं चांगली काळी होती. फोटो काढायची वेळ आली की तिला नेमकं काहीतरी चुलीवर ठेवलेलं आठवायचं. आणि आमच्यापैकी कुणी उन्हात खेळताना दिसलं की अशी ओरडायची, जणू आम्ही विहिरीत उतरलोय.

पहिले काही दिवस मी मजेत काढले. कूलर नाही, ‘एनु विशेषा’ नाही. रोज संध्याकाळी आत्या मला ओट्यावर बसवून पीठ लावायची आणि गप्पा मारायची. मग सासूबाईंचा आईला फोन आला. बोलणं कानडीत, म्हणजे मी काय ते समजले. आई ‘हूं, हूं’ करत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पंचमी झाल्यावर एवढी घाई नको म्हनाल्या. राहू दे म्हनाल्या अजून थोडे दिवस."

आत्या कोपऱ्यात शेंगा निवडत होती. तिचे हात थांबले. एवढं बास झालं. त्या संध्याकाळी तिनं माझ्या तोंडाला पीठ लावलं ते रोजच्यापेक्षा जोरात, इतकं की गाल चुरचुरले. आम्हा दोघींनाही एकच दिसत होतं. या घरात एका न नांदलेल्या बाईपुरती जागा होती, ती भरलेली होती आणि आता दुसरी येऊ घातली होती.

मला रात्रभर राग आला. राग आला की माझं डोकं चालतं. सकाळी मी गच्चीवर गेले, ह्यांना फोन लावला आणि आईचा उपदेश धाब्यावर बसवला.

"मी तुम्हाला आवडत नाही ना? सरळ सांगा. उगीच पाणी कशाला वाया घालवता?"

पलीकडं दुकानातला भांड्यांचा आवाज. मग तोही बंद झाला, म्हणजे ते आत गोदामात गेले असणार.

"असं काय बोलतीस गं," ते म्हणाले. "तसं न्हाय."

"मग कसं?"

मग एकदम, कुकरची शिट्टी व्हावी तसे बोलायला लागले. "तू एमेस्सी झालीयस की. प्राणिशास्त्रात. तुला सगळं म्हाईत असणार. मला काय म्हाईत? खोलीत आलं की मला तोंडी परीक्षेला बसल्यागत वाटतंय. चुकलं तर तू हसशील. म्हणून मी कूलर भरतोय."

मी गच्चीच्या कठड्यावर बसले. त्यांना वाटत होतं मला येतं, मला वाटत होतं त्यांना येतं, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत वैशाख-ज्येष्ठ काढून बसलो होतो. मला हसू आलं. ते म्हणाले, "बघ, हसलीस." मग मला आणखीच हसू आलं, आणि थोड्या वेळानं तेही हसायला लागले. लग्नानंतर आम्ही एकत्र हसलो ते पहिल्यांदा, तेही मध्ये तालुका ओलांडून.

फोनवर सगळं बोलणं जमेना, त्यांच्याकडे गिऱ्हाईक आणि माझ्याकडे आई. भेटायचं ठरलं. पण भेटायचं कुठे? दुधनीला त्यांना उंबरा बंद, सोलापूरला मला. ते म्हणाले, होटगी. होटगी जंक्शन आहे, पॅसेंजर थांबते, ते सोलापुरातून गाडीवर येतील. मी म्हटलं, स्टेशनलाही छप्पर असतं. ते म्हणाले, "बाहेर कडुलिंब हाय की." त्या क्षणी मला हा माणूस आवडायला लागला.

घरी मी सांगितलं, युनिव्हर्सिटीत सर्टिफिकेटचं काम आहे. आत्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि कडक भाकऱ्या, चटणी बांधून दिली. सर्टिफिकेट आणायला कुणी दोन माणसांची शिदोरी देत नाही.

होटगीला कडुलिंबाखाली सिमेंटचं बाकडं होतं. आम्ही दोन टोकांना बसलो आणि मध्ये भाकरीची पिशवी ठेवली. आसपास रेल्वेची माणसं येत-जात होती, कुणाला आमचं काही पडलेलं नव्हतं. उघड्यावर बसून जे बोलता आलं ते बंद खोलीत आलं नव्हतं. त्यांनी सुरुवात दाजींपासून केली.

त्यांच्या घराण्यात नवऱ्यामुलाला ‘समजावून’ सांगायचं काम दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. हळदीच्या दिवशी दाजी त्याला बाजूला घेतात. आमच्या हळदीलाच दाजींना आहेरात फेट्याऐवजी टोपी-टॉवेल गेला. दाजी पंगतीतून उठले, गाडी काढली आणि गेले. त्यांच्या मागं सगळे पळाले ते मानपानासाठी. शिक्षण राहून गेलं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सासरची माणसं समजली दाजींनी सांगितलं असेल, माहेरची समजली मुलाला येतच असेल.

"मग नंतर विचारायचं की दाजींना," मी म्हटलं.

"विचारलं की. फेटा घेऊन गेलो त्यांच्या घरी. मान राखला, चहा पिला, मग विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हनाले, निसर्ग शिकवतो."

म्हणजे आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार! मी इतकी हसले की एका हमालानं डोक्यावरचं पोतं सावरत वळून बघितलं.

मग त्यांनी दुसरं सांगितलं, ते सांगताना मात्र खाली बघत होते. कॉलेजात असताना मित्रांच्या मोबाइलवर त्यांनी तसले व्हिडिओ बघितले होते. एवढीच त्यांची शाळा. "ते बघून मला वाटलं, असं असतंय होय? मग आपल्याच्यानं काय हे व्हायचं न्हाय. आन् तुला असलं करायला लावायचं? तोंड कसं दाखवू नंतर तुला?" मला त्यांचा राग नाही आला. भीती वाटण्यासारखंच होतं ते. नाटक बघून कुणी संसार शिकायला गेला तर पहिल्या दिवशी भांडी फोडेल. मी त्यांना म्हटलं, ते खोटं असतं, पैसे घेऊन केलेलं. ते म्हणाले, "पण खरं कसं असतंय, ते कुणी दाखवतंय का? मीबी खोटंच बघितलं."

समोर स्टेशनच्या पत्र्यावर कबुतरांचा खेळ चालला होता. नर गळा फुगवून गोल गोल फिरत होता आणि मादी दाणे टिपत होती. ते म्हणाले, "त्याला कुणी शिकवलं?"

"त्याला दाजी नाहीत," मी म्हटलं. "शेजारच्या खोलीत आई नाही. अंगात आलं की तो करतो, नाही जमलं तर उडून जातो, त्याला काही वाटत नाही. आपल्याला वाटतं. म्हणून आपल्याला शिकावं लागतं."

"मग शिकव की. तू मास्तरीणच होणारेस."

"मलाही कुठं येतंय? मला गांडुळाचं येतं."

ते हसले. मग भाकरीची पिशवी उचलून त्यांनी पलीकडे ठेवली आणि थोडे सरकून बसले. भर दिवसा, सगळ्यांसमोर, माझा हात त्यांनी हातात घेतला. भांड्यांवर नावं घालून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेत, हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस एका छपराखाली राहून मला ते माहीत नव्हतं.

त्यानंतर दुकान बंद असेल त्या दिवशी आम्ही होटगीला भेटायचो. मी माझं पुस्तकातलं सांगायचे, कुठे काय असतं, कशानं दुखतं, कशानं नाही. ते कान देऊन ऐकायचे आणि असे प्रश्न विचारायचे की माझी एमेस्सी गडबडायची. तुला काय आवडेल, असं त्यांनी एकदा विचारलं. कुठल्याच पुस्तकात हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, विचार करून सांगते. एकदा बोलायची सवय लागली आणि मग लाजही वेगळी झाली, आधीची लाज गप्प करणारी होती, ही हसवणारी. आखाडात नवरा-बायकोला दूर ठेवायची रीत ज्या कुणी काढली, त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्याला वाटलं तो आम्हाला थांबवतोय.

पंचमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी घराला लागूनच्या अडतीसमोर मोटारसायकल थांबली. न्यायला सासरचं कुणीतरी येतं, दीर येतो, नणंद येते, नवरा स्वतः सहसा येत नाही. हे स्वतः आले. गाडीच्या मागे स्टीलची घागर बांधलेली, तिच्यावर आमच्या दोघांची नावं घातलेली. वडिलांच्या पाया पडले आणि म्हणाले, "घेऊन जातो." वडील नुसतंच ‘बरं, बरं’ म्हणत राहिले. एकदा श्रीपूरहून रिकाम्या हातानं परत आलेला हा बाप इतकी वर्षं कुणीतरी येऊन असं म्हणायची वाट बघत होता, असं मला वाटलं.

सासूबाईंचं काय, तर त्यांची समजूत अशी की शिकलेल्या सुनेनं पोराला घाबरवून कूलरला जुंपलं. तसं काही फार चुकीचंही नव्हतं. पुढचं मी इथं लिहीत नाही, कारण त्या वाचतात. एवढं सांगते की आमची मोगऱ्याची कुंडी त्या वर्षी पाण्याविना सुकली.

पण मला सांगायचंय ते निघतानाचं. मी आत बॅग भरत होते, आत्या वाटीत पीठ कालवून घेऊन आली. "जाता जाता एकदा लावती. सासू बगंल, म्हनंल उजळून आली."

मी खाली बसले. ती गालावर बोट फिरवत म्हणाली, "लई भाग्याची हायस. न्हाय म्हनत हुते, तरीबी आला न्यायला. कशानं आला गं?"

मला लपवता येत नाही. आणि हिनंच भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. मी सांगितलं, हळू आवाजात, जेवढं आत्याला सांगता येतं तेवढं. की त्यांना येत नव्हतं. की कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते समजत होते मला येतं आणि मी समजत होते त्यांना येतं, आणि मला वाटत होतं मी त्यांना आवडतच नाही. घाबरत होते ते, दुसरं काही नव्हतं.

आत्याचं बोट गालावर थांबलं.

"घाबरतात व्हय? पुरुषबी?"

"हो आत्या. घाबरतात."

"आन् त्यालाबी कुणी सांगितलं नसंल?"

"नाही म्हणाले. दाजी रुसून गेले होते ना, मी सांगितलं की तुला..."

पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती, बाहेर मोटारसायकलपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे, आणि तो माणूस तिला दिसत होता असं मला वाटत नाही. ती बोलली, तेव्हा तिचा आवाज एखाद्या नव्या नवरीचा होता.

"मला वाटलं, मी काळी म्हणून."

मी तिला मिठी मारली आणि रडले. गालावरचं पीठ तिच्या लुगड्याला लागलं. आयुष्यात मला एवढा राग कधी आलेला नाही आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. बाहेरून ह्यांची हाक आली, ऊन वाढतंय म्हणून. आत्यानं पदरानं माझं तोंड पुसलं, सगळं पीठ पुसून काढलं, जराही ठेवलं नाही. "जा," म्हणाली. "थांबलाय न्हवं तो."

पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणणाऱ्या त्या आईला मी हे सांगायला हवं होतं. माझ्या माहेरी आता भाच्या मोठ्या होताहेत, दिवसभर उन्हात हुंदडतात. त्या दिवसानंतर आत्यानं एकीच्याही तोंडाला पीठ लावलेलं नाही.